सरपंचापासून खासदारापर्यंत: नेमकं कुणाला गाठायचं? (अनुभव धागा)

शिरस्तेदार

गल्लीतला दिवा गेला की आमदाराला फोन, आणि राज्य महामार्गावरच्या खड्ड्यासाठी सरपंचाला शिव्या. दोन्ही वाया. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे, त्यांनी इथे लिहावं: आपला लोकप्रतिनिधी कुठे शोधायचा, कागद कसा द्यायचा, तो कुठे अडतो. पक्ष, नावं आणि "आमच्याकडे काय झालं माहितेय का" हे कृपया टाळा.

सुरुवात मीच करतो. भारत निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर (व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन) ओळखपत्राचा क्रमांक टाकला की तीन गोष्टी मिळतात: विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि यादीतला अनुक्रमांक. त्या वहीत टिपून ठेवा, पुढे प्रत्येक निवेदनात लागतील. इंटरनेट नसेल तर 1950 ही हेल्पलाइन आहे. 'एमटी' आणि तिरप्या रेघांचा जुना क्रमांक असलेलं कार्ड जपून ठेवलं असेल तर त्याच्या पाठीवरच्या मतदारसंघावर विसंबू नका. 2008च्या पुनर्रचनेत हद्दी बदलल्या, 2009पासून निवडणुका नव्या हद्दींवर होतात.

गुहागरी

त्यालाच जोडून. जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ एकच असतो असं धरून चालू नका. गुहागर आणि दापोली हे रत्नागिरी जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ, पण त्यांचा खासदार रायगड लोकसभेचा. पनवेल, कर्जत, उरण रायगड जिल्ह्यात, पण लोकसभेला मावळात, पिंपरी-चिंचवडच्या जोडीला. राज्यात 288 विधानसभा आणि 48 लोकसभा, म्हणजे एका खासदाराखाली सहा आमदारांचे मतदारसंघ. आधी विधानसभा नक्की करा, लोकसभा त्यावरून आपोआप कळते. पिनकोडवरून शोधणारी खासगी संकेतस्थळं इथेच घोळ घालतात, कारण टपालाची हद्द आणि मतदारसंघाची हद्द यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

प्रभाग_अ

वरच्या पोर्टलवर नगरसेवक सापडत नाही. लोक तिथेच शोधत बसतात. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा नाही. विधानसभेचीच यादी फोडून प्रभागाची यादी करतात, पण प्रभाग क्रमांक वेगळा आणि यादीतला अनुक्रमांकही वेगळा. त्यासाठी महापालिकेच्या किंवा राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर 'अंतिम प्रभाग रचना' शोधा. नकाशा बहुधा धूसर असतो. त्याच्या सोबतचं परिशिष्ट वाचा: "उत्तर: अमुक नाल्यापासून तमुक चौकापर्यंत रस्त्याने" अशा चारही हद्दी आणि खाली 'व्याप्ती' म्हणून वस्त्यांची नावं. रस्ता हीच हद्द असेल तर त्याच्या दोन बाजू दोन प्रभागांत जातात. समोरच्या सोसायटीचा नगरसेवक तुमचा नसण्याचं कारण हेच.

दुसरा गैरसमज बहुसदस्यीय प्रभागाचा. अ, ब, क, ड ही वस्तीची वाटणी नाही. त्या जागा आरक्षणासाठी पाडलेल्या आहेत. चारही नगरसेवक अख्ख्या प्रभागाचे. "तुमचा भाग माझ्याकडे येत नाही" असं एखादा म्हणाला तर ती त्यांची आपसातली वाटणी, कायद्यातली नाही. निवेदन चौघांच्या नावे एकच द्या आणि तसं ते चौघांनाही दिसू द्या.

मुंबईत याच्या उलट: 227 प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. पण 'के पूर्व', 'जी उत्तर' हे प्रशासकीय वॉर्ड, तिथे सहायक आयुक्त बसतात. नगरसेवकाचा प्रभाग आकड्याने ओळखायचा, वॉर्ड ऑफिस अक्षराने. पत्रात दोन्ही लिहा.

आणि 2022नंतर बऱ्याच पालिका आणि जिल्हा परिषदा दीर्घकाळ प्रशासकाकडे होत्या. त्या काळातल्या याद्या संकेतस्थळांवर अजून पडून असतात. माजी नगरसेवकाचा नंबर लागतो, माणूस गोडही बोलतो, पण त्याच्या पत्राला सभागृहात जागा नसते. यादीवर कार्यकाळ बघा.

शेवगा

ग्रामीण भागाबद्दल थोडं, कारण शहरवाले हे नेहमी एका वाक्यात उरकतात.

ग्रामपंचायत सदस्य तुमच्या वॉर्डाचा, सरपंच अख्ख्या गावाचा (थेट निवडून आलेला), पंचायत समिती सदस्य 'गणा'चा, जिल्हा परिषद सदस्य 'गटा'चा. एका गटात दोन गण. गट-गणाची नावं त्यातल्या एखाद्या मोठ्या गावाची असतात, तेव्हा आपल्या गावाचं नाव दिसलं नाही म्हणून गोंधळू नका. तहसील किंवा पंचायत समितीच्या फलकावर रचना लावलेली असते.

सरपंचाला घरी जाऊन भेटण्यापेक्षा विषय ग्रामसभेत आणावा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिथे ठराव तेवढ्याच बसलेल्या माणसांचा होतो, म्हणून तहकूब सभेला जरूर जा. विषय लेखी, नोटीस निघायच्या आधी, ग्रामसेवकाकडे द्या (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी). ऐनवेळच्या विषयात घुसवलेला मुद्दा चर्चेला येतो आणि इतिवृत्तात "चर्चा करण्यात आली" एवढाच उरतो. सभा संपण्यापूर्वी ठरावाचा क्रमांक आणि सूचक-अनुमोदकाची नावं वाचून दाखवायला सांगा. पुढे आमदार निधी असो की जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक, पहिला कागद मागतात तो ग्रामपंचायतीचा ठराव.

रस्त्याच्या तक्रारीला आधी रस्त्याची जात ओळखा. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे विषय खासदाराचा. हिरवा असेल तर राज्य महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभाग, आमदार. केशरी म्हणजे ग्रामसडक योजनेचा. दगडच नसेल तर एवढं धरून चाला की प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाकडे, आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे.

टेबलापलीकडून

आमदार-खासदारांच्या कार्यालयातली बाजू लिहितो.

आमदारांचा पत्ता आणि फोन विधानमंडळाच्या संकेतस्थळावर, खासदारांचा संसदेच्या (संसद डॉट इन). खासदारांच्या पानावर दोन पत्ते असतात, कायमचा आणि दिल्लीचा. अधिवेशन चालू नसताना दिल्लीला पाठवलेलं टपाल पडून राहतं. आमदारांचं तसंच: डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपूरला, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत. त्या दिवसांत मतदारसंघातल्या जनसंपर्क कार्यालयात स्वीय सहायक भेटतो, आमदार नाही. पण खरं सांगायचं तर अधिवेशनाचे दिवस विषय पुढे सरकवायला चांगले, कारण आमदारासोबत गेलेला दुसरा सहायक दिवसभर मंत्रालयाच्या आसपासच असतो.

निवेदन एका पानाचं हवं. एक कागद, एक विषय. तीन मागण्या असतील तर तीन कागद, कारण तीन वेगळ्या खात्यांना तीन वेगळी पत्रं निघतात; एकाच कागदावर सगळं असेल तर पहिल्या मागणीचं पत्र निघतं आणि कागद त्याच फाईलला लागतो. वर मतदारसंघ आणि यादी भाग क्रमांक, खाली पूर्ण पत्ता व मोबाइल. 'विषय' एका ओळीत, त्यात गावाचं किंवा रस्त्याचं नाव. 'संदर्भ' म्हणजे आधी कोणत्या कार्यालयाला कधी अर्ज दिला, त्याचा आवक क्रमांक. हा संदर्भ नसला की कार्यालयाला आधी खात्याला विचारावं लागतं, आणि तुमचा कागद मागे जातो. शेवटी नेमकं काय हवं ते लिहा: "लक्ष घालावे" याला उत्तर नसतं, "कार्यकारी अभियंता, अमुक विभाग यांना अंदाजपत्रक करण्याबाबत पत्र द्यावे" याला असतं.

दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो हा निरोप झाला, कागद नव्हे. फोटो पाठवायचाच तर पोच घेतलेल्या प्रतीचा पाठवा.

आणि शिफारसपत्र मिळालं की फ्रेम करून ठेवू नका. त्याचा जावक क्रमांक घ्या आणि ज्या कार्यालयाला ते गेलं तिथे आठवड्याने तो क्रमांक सांगून विचारा. केंद्र सरकारच्या खात्यांना खासदाराच्या पत्राची पोच 15 दिवसांत आणि उत्तर त्यापुढच्या 15 दिवसांत देण्याच्या सूचना आहेत. व्यवहारात हे पाठपुरावा करणाऱ्यालाच मिळतं.

शिरस्तेदार

@टेबलापलीकडून, निधीबद्दलही लिहा ना. तिथेच जास्त गैरसमज आहेत.

टेबलापलीकडून

आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी, खासदाराचाही 5 कोटी. पैसे त्यांच्या खात्यात येत नाहीत. ते कामाची शिफारस करतात, पुढचं जिल्हा नियोजन कार्यालय बघतं: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम अडण्याची कारणं बहुतेक वेळा जमिनीची. सभामंडप हवा असतो, पण सातबारा खासगी नावावर. आधी जागा ग्रामपंचायतीच्या किंवा शासनाच्या नावावर असल्याचा उतारा, ठराव, आणि देखभाल कोण करणार याचं पत्र जोडा. सोसायटीच्या आतला रस्ता या निधीतून मागत बसू नका. आचारसंहिता लागली की मान्यता मिळालेलं पण सुरू न झालेलं काम थांबतं.

राज्यसभेचे 19 खासदार महाराष्ट्राचे आहेत, ते राज्यात कुठल्याही जिल्ह्यात काम सुचवू शकतात. हे फार कमी लोक वापरतात.

खडू_फळा

विधान परिषद कुणीच काढली नाही म्हणून. 78 सदस्य, त्यांतले 7 पदवीधरांचे, 7 शिक्षकांचे. शाळेच्या मान्यता, वेतन, संचमान्यता (शाळेला किती शिक्षकपदं मंजूर ते) असले विषय शिक्षक आमदाराकडे द्या, तिथे खात्याची भाषा कळते. मतदारसंघ अनेक जिल्ह्यांचा असतो, त्यामुळे भेट मिळणं अवघड, टपाल आणि ईमेलच बरं. या मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते: पदवीधरांना नमुना 18, शिक्षकांना नमुना 19. मागच्या वेळी नाव होतं म्हणून यंदा असेल असं नाही.

सभागृहात विषय हवा असेल तर तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो तो) आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) यांतला फरक सांभाळा. प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन गेलात तर उरतात लक्षवेधी आणि औचित्याचा मुद्दा. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच तारखा आणि आकड्यांसह दिला तर सहायकाचं काम निम्मं होतं.

साखळीकर

गोंयातून. इथे पंचायत समिती हा टप्पाच नाही आणि विधान परिषदही नाही. पंच, जिल्हा पंचायत सदस्य (उत्तर आणि दक्षिण अशा दोनच जिल्हा पंचायती), 40 आमदार, लोकसभेचे 2 खासदार. सरपंच लोक निवडत नाहीत, पंच आपल्यातून निवडतात, त्यामुळे मध्येच बदलतो. निवेदन नावाने न देता "सरपंच, ग्रामपंचायत अमुक" असं पदाच्या नावे द्या, आणि आपल्या वॉर्डाच्या पंचाला प्रत. मतदारसंघ लहान असल्याने आमदार थेट भेटतो, पण त्यामुळेच लोक लेखी द्यायचं विसरतात.

एडिसनवाला

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. ग्रीन कार्ड किंवा व्हिसाची फाईल अडली तर काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) प्रतिनिधीचं कार्यालय विचारणा करतं, त्यासाठी नागरिक असावं लागत नाही, त्या डिस्ट्रिक्टमध्ये (मतदारसंघात) राहत असलं की पुरे. न्यू जर्सीचे 12 डिस्ट्रिक्ट. एकाच झिप कोडमध्ये दोन डिस्ट्रिक्ट येऊ शकतात, म्हणून पूर्ण पत्ता टाका. 'प्रायव्हसी रिलीज' (आपली माहिती त्या कार्यालयाला द्यायची परवानगी) फॉर्मवर ज्याची फाईल आहे त्याचीच सही लागते. नवऱ्याने बायकोच्या फाईलसाठी सही केली की फॉर्म परत. वॉशिंग्टनला नाही, डिस्ट्रिक्ट ऑफिसला पाठवा. शाळा, मालमत्ता कर, कचरा यांसाठी काँग्रेसकडे जाऊ नये, ते टाउनशिप आणि स्कूल बोर्डाचं.

कॅम्पकर

पुणे, खडकी, देहूरोड, देवळालीसारख्या छावणी परिसरात राहत असाल तर महापालिकेचा नगरसेवक तुमचा नाही. कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण मंत्रालयाखाली, 2006च्या कायद्याने चालतं. आमदार-खासदार मात्र इतरांसारखेच.

प्रभाग_अ

एक राहिलं. पत्राचं पुढे काय झालं हे कळत नसेल तर माहिती अधिकार लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाला लावू नका, ज्या खात्याला पत्र गेलं तिथे लावा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि राज्याच्या नियमाप्रमाणे 150 शब्दांच्या आत. "कार्यवाही का झाली नाही" असं विचारलं की "माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं. त्याऐवजी लिहा: "अमुक जावक क्रमांकाच्या, अमुक दिनांकाच्या पत्रावरील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात." मुदत 30 दिवस, मग पहिलं अपील.