मदत हवी आहे: बास वाढवताच टर्नटेबल घुमू लागतो

माझ्याकडे डीप मेडी आणि डीएमझेड या लंडनच्या रेकॉर्ड लेबलांच्या काही बारा इंची तबकड्या आहेत. त्यांवरील संथ, भारलेल्या डबस्टेपचा (बासप्रधान इलेक्ट्रॉनिक संगीताचा) वेग मिनिटाला साधारण 140 ठोके असला, तरी त्याचा जीव 40 ते 60 हर्ट्झच्या खोल बासमध्ये असतो आणि अडचण नेमकी तिथेच आहे. आवाज जरा वाढवला की बासचा स्वर थांबल्यावरही घुमत राहतो आणि पाहता पाहता त्याचे सलग गुरगुरणे होते.

तबकडी न फिरवता तिच्यावर सुई टेकवून आवाज वाढवला, तरी तेच गुरगुरणे सुरू होते. हेडफोनवर मात्र सारे स्वच्छ ऐकू येते. म्हणजे स्पीकरची कंपने लाकडी जमिनीवाटे सुईपर्यंत पोहोचत असावीत. स्पीकर दोन मीटर दूर नेले, टर्नटेबलाखाली रबरी पाय लावले; फरक नाममात्र पडला. प्रीॲम्पवरील (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणावरील) 20 हर्ट्झचा रंबल फिल्टर, म्हणजे त्याखालची गुरगुर कापणारी गाळणी, निरुपयोगी ठरतो, कारण घुमणे त्याच्या वरचे आहे आणि फिल्टर आणखी वर नेला तर संगीतच कापले जाईल (मग ऐकायचे तरी काय!).

लंडनमधील हे घर भाड्याचे असून भिंतीला भोक पाडण्याची मुभा नाही, तेव्हा भिंतीवरची फळी कृपया सुचवू नये. बारा किलोची दगडी फरशी आणि तिच्याखाली सायकलची अर्धवट फुगवलेली ट्यूब, असा माझा विचार आहे. लाकडी जमिनीवर हा उपाय कोणी करून पाहिला आहे का, आणि ट्यूबमध्ये हवा कितपत ठेवावी?