मोकळे केस + पांढरं पॉमेरेनियन, बॅकग्राउंड काढताना हिरवी कड राहतेय

फ्लेक्सवाला_सातारा
मंडळी, एका फोटोनं दोन दिवस डोकं उठवलंय. गल्लीतल्या एका काकूंच्या लेकीचा फोटो आहे, मोकळे केस, मांडीवर पांढरं पॉमेरेनियन आणि मागं आंब्याचं झाड. काकूंना झाड नको, मागं फिक्कट क्रीम पाहिजे आणि १२ बाय १८ ची फ्रेम करायचीय. पेन टूलनं (कडेवर हातानं रेघ आखून कापायचं टूल) कट केला तर केसांचं हेल्मेट झालं अन् कुत्रं थर्माकोलमधून कापल्यासारखं दिसायला लागलं. मग एका फुकट साइटवर टाकला, तिनं चेहरा खांदे झकास काढले पण उडणारे केस गिळून टाकले, जे उरले त्यांना हिरवी कड. फेदर दिला (कड मऊ केली) तर कडेला नुसता धूर. फ्लेक्ससाठी रोज पाच-सहा फोटो कट करतो मी, पण तिथं २० फुटांवरून कोण केस बघतंय! ही फ्रेम हॉलमध्ये लागणार. मला फोटोशॉप बऱ्यापैकी नवीन आहे, काय करू?

कटिंगमास्तर
पेन टूल खांद्याला, ड्रेसला, खुर्चीला ठेव. केसाला त्यानं हात लावायचा नाही, कारण तिथं कापायला कडच नसते, एका पिक्सेलात थोडा केस न थोडं झाड असं मिसळलेलं असतं. सिलेक्ट सब्जेक्ट मार (फोटोशॉप माणूस आपोआप निवडतं), मग सिलेक्ट अँड मास्क उघड (निवडीची कड सुधारायची खिडकी), रिफाइन एज ब्रश घे आणि केसांचा आत-बाहेरचा पट्टा आहे तेवढ्यावरच फिरव, कपाळावर नेलास तर कपाळाला भोकं पडतील. खालचे स्मूद, फेदर वगैरे स्लायडर शून्यावर. आणि बघताना मागं क्रीम रंगच ठेवून बघ, चौकडीवर (पारदर्शक भागाची करडी-पांढरी जाळी) बघितलं की सगळं छानच दिसतं, फसतो माणूस.

त्याच खिडकीतल्या डिकंटॅमिनेट कलर्सनं हिरवं कमी होतं पण ते मूळ पिक्सेलचे रंगच बदलतं, म्हणून मी ते बंद ठेवतो न आउटपुट लेयर मास्कवर (पांढरं तिथं दिसतं, काळं तिथं लपतं असा पडदा) घेतो. मग वर नवा लेयर, क्लिपिंग मास्क (म्हणजे तो खालच्या लेयरपुरताच लागतो), ब्लेंड मोड कलर (उजेड तोच राहतो, रंग बदलतो), आणि शेजारच्याच केसाचा रंग उचलून हिरव्या कडेवर ब्रश मारायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

जुना_खोडरबर
मास्तरांचं बरोबर आहे पण पानं जिथं दाट आहेत तिथं तो ब्रश गोंधळतो, पानाची टोकं पण केस समजतो. अशा वेळी आमची जुनी चॅनेलची पद्धत अजून चालते, अल्बम डिझाइनला असताना हजारो नवऱ्या अशा कट केल्यात. लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल (प्रत्येक रंगाचं वेगळं काळं-पांढरं चित्र) एकेक करून बघ. काळ्या केसांसाठी ग्रीन घे, झाड त्यात उजळ दिसतं न केस गडद. कुत्र्यासाठी मात्र ब्लू, त्यात पानं काळवंडतात आणि पांढरी फर उठून येते. एकाच चॅनेलवर दोघांना कापायला गेलास की कुणाचा तरी बळी जाणार, म्हणून दोन मास्क वेगळे करायचे न शेवटी जोडायचे.

चॅनेलची कॉपी काढ (मूळ चॅनेलला हात लावू नकोस, मी एकदा लावला होता, अख्खा फोटो जांभळा), लेव्हल्सनं काळं-पांढरं ताण, पण पार टोकाला नेऊ नकोस, केसांच्या टोकाचा करडा रंग राहिला पाहिजे, तोच तर केस आहे. केसांचा मास्क इन्व्हर्ट (काळ्याचं पांढरं) करायला विसरू नकोस. मधला भाग सरळ पांढऱ्या ब्रशनं भर. कडेला ब्रशचा मोड ओव्हरले ठेवून काळं-पांढरं मारलं की गडद गडद होतं, उजळ उजळ होतं, मधलं बऱ्यापैकी शाबूत राहतं.

अल्फा_बीटा
थोडं गणित, कंटाळा आला तर पुढं जा. १९८४ साली पोर्टर आणि डफ यांनी मांडलेला हिशोब अजून सगळे वापरतात: पिक्सेलचा रंग म्हणजे अल्फा (पिक्सेलमधला पुढच्या गोष्टीचा हिस्सा) गुणिले पुढचा रंग, अधिक उरलेला हिस्सा गुणिले मागचा रंग. आपल्या हातात असतात लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, आणि शोधायचे असतात सात, तीन पुढचे, तीन मागचे न एक अल्फा. म्हणजे अचूक उत्तर निघतच नाही, सॉफ्टवेअर शेजारी बघून अंदाज बांधतं. एआय झालं तरी अंदाजच, फक्त त्यानं बरेच केस बघितलेत. आणि अल्फा बरोबर आला तरी पुढचा रंग चुकला की हिरवी कड राहतेच, म्हणून मास्क कितीही घासलास तरी ती जात नव्हती.

ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांच्यासाठी गिंप २.१० (फुकट फोटो सॉफ्टवेअर) मध्ये फोरग्राउंड सिलेक्ट टूल आहे, आधी ढोबळ घेरा, मग आतला भाग रंगवायचा, ते मॅटिंग (हाच अल्फाचा अंदाज) करून देतं. वेळ लागतो, चहा ठेवून या.

रानमांजर
सगळं ठीक पण फोटो आला कुठून? व्हॉट्सअ‍ॅपवरून आला असेल तर नेहमीच्या सेटिंगला लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. १८ इंचावर पसरलं की इंचाला ८९ पिक्सेल, बारीक केस आधीच गेलेत. वर असल्या जेपेगमध्ये उजेड प्रत्येक पिक्सेलचा साठवतात पण रंग चार पिक्सेलमध्ये मिळून एकच, म्हणून झाडाचा हिरवा केसात झिरपतो. काकूंना सांग मूळ फाइल डॉक्युमेंट करून पाठवा.

फ्लेक्सवाला_सातारा
रानमांजर ताई/दादा जे असाल ते, बरोबर पकडलंत, व्हॉट्सअ‍ॅपचाच होता. काकूंच्या जावयाकडून मूळ फाइल आणली, ४००० पिक्सेल. केस ग्रीन चॅनेलनं, कुत्रं ब्लूनं, खांदे पेननं. कुत्र्याला तरी पोटाखाली हिरवट झाक होती.

कटिंगमास्तर
ती कड नाही, गवताचा उजेड पडलाय खरोखर. ह्यू सॅच्युरेशनचा लेयर फक्त कुत्र्यावर क्लिप कर, ग्रीन्स आणि यलोज निवडून सॅच्युरेशन खाली घे. पूर्ण शून्य नको, कुत्रं सिमेंटचं दिसेल.

फ्लेक्सवाला_सातारा
जमलं! उडणारे सात-आठ केस एक पिक्सेलच्या ब्रशनं हातानं काढले शेवटी, ते काही परत आले नाहीत. काकू खूश. आता म्हणतात मागं क्रीम बरं दिसत नाही, बाग टाक.