मागच्या अंगणात लाकडी डेक : तीन कोटेशन, तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक

अंगण_बेसा
नागपुरात बेसा भागात घर आहे. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर १२ बाय १० फुटांची मोकळी जागा आहे, माती पक्की काळी. उंबरठ्यापासून जमीन दीड फूट खाली आहे. तिथे लाकडी फळ्यांचा डेक करायचा आहे, लोखंडी सांगाड्यावर. तीन कोटेशन आली :

१) ६५० रु. चौरस फूट, म्हणजे ७८,०००. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली) फळी, पाया "गरज नाही, विटांच्या ठोकळ्यांवर बसवू" असं म्हणून राहिले.
२) ९५० रु., म्हणजे १,१४,०००. सागवान, बाकी तपशील काहीच नाही.
३) १,२०० रु., म्हणजे १,४४,०००. सागवान ३,८०० रु. घनफूट, लोखंड बसवून १३० रु. किलो, उरलेलं लमसम.

बजेट सव्वा लाख. कुठे पैसे वाचवता येतात आणि कुठे वाचवूच नये? शिवाय खिडकीला कूलर आहे आणि ड्रेनेजचं चेंबर याच जागेत येतं.

मुरूमापर्यंत
पहिलं कोटेशन बाजूला ठेवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडतात. विटांचे ठोकळे त्या मातीवर नुसते ठेवले तर जुलैत काही वर येतील, काही जागेवर राहतील. सांगाडा पिळला जाईल, स्क्रू उपटतील. डेक महाग असो की स्वस्त, आपल्याकडे त्याचं आयुष्य जमिनीखालीच ठरतं.

आधी कोपऱ्यात एक खड्डा खणून मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. तो आकडा हाती नसेल तर कोणाचंही कोटेशन अंदाजपंचेच. ३ फुटांवर लागतो असं धरून हिशोब देतो.

९ खड्डे, तीन ओळींत तीन-तीन, दीड बाय दीड फुटांचे. तळाशी ६ इंच काँक्रीटची बैठक, तिच्यावर ९ बाय ९ इंचांचा पेडेस्टल (काँक्रीटचा छोटा खांब), जमिनीच्या ६ इंच वर येईपर्यंत. प्रत्येकात ८ मिमीच्या चार सळया, ६ इंचांवर रिंग. काँक्रीट होतं साधारण २५ घनफूट. १ : १.५ : ३ प्रमाणाने ६ बॅगा सिमेंट लागतं, सळई २५ ते ३० किलो. फार मोठा खर्च नाही, लोक उगाच घाबरतात.

चूक होते ती खड्डा बुजवताना. खणलेली काळी मातीच परत पेडेस्टलभोवती टाकतात. ती फुगली की पेडेस्टलला धरून वर ओढते. भोवती मुरूमच भरा, थराथराने पाणी मारून धुम्मस करून. निघालेली काळी माती बागेत पसरा, पण डेकखाली नको.

खणकामाचा दर "३ फुटांपर्यंत इतके, पुढच्या प्रत्येक फुटाला इतके" असा लिहून घ्या. ऐनवेळी वाद होतो तो इथेच.

आणि डेक घराच्या भिंतीला बोल्टने जोडू नका. घराचा पाया वेगळा हलतो, डेकचा वेगळा. एक इंच फट ठेवा.

वजनकाटा
पायाबद्दल वर सांगितलं त्याच्याशी सहमत. आता लोखंड.

चौरस फुटाचा दर विसरा, वजन मागा. तुमच्या जागेला :

बेअरर (खालचे आडवे) : १०० बाय ५० मिमी, ३ मिमी जाडी. १२ फुटी तीन. ५० बाय ५० चा पाइप इथे चालत नाही, ६ फुटांच्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या अंतरात) लवतो. ३ पाइप आणा. उरलेल्या तुकड्यांतून ९ खांब निघतात, कारण दीड फुटाच्या उंचीत पेडेस्टल, बेअरर, जॉइस्ट आणि फळी वजा जाता खांब चार-पाच इंचांचेच उरतात.

जॉइस्ट (वरचे) : ५० बाय २५, २ मिमी, उभे बसवून, १६ इंचांवर. १२ फुटांत बरोबर १० बसतात. इथे लक्ष द्या : पाइप ६ मीटरचा असतो, म्हणजे १९ फूट ८ इंच. त्यातून १० फुटांचे दोन तुकडे निघत नाहीत! डेकची रुंदी ९ फूट ९ इंच ठेवा, एका पाइपात दोन निघतील. नाहीतर ५ ऐवजी १० पाइप लागतील आणि निम्मं भंगारात. कडेच्या पट्टीला २ पाइप, फळ्यांच्या सांध्याखालच्या जोड-जॉइस्टला १. एकूण ८.

९ बेसप्लेट १५० बाय १५० बाय ६ मिमी, प्रत्येकी ४ याप्रमाणे ३६ अँकर.

सगळं मिळून २४० किलोच्या आसपास. १३० च्या दराने ३१,२००. पाइप आला की एक काट्यावर टाका : ५० बाय २५ चा ६ मीटर पाइप २ मिमीचा असेल तर १३ किलोच्या आसपास भरतो, १.२ मिमीचा ८. कोटेशन २ मिमीचं आणि माल १.२ चा, ही बाजारातली जुनी खोड आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही.

वेल्डिंगचे डाग घासून प्रायमर, मग दोन हात इनॅमल. पाइपची उघडी तोंडं बंद करायला लावा. आत पाणी गेलं की गंज आतून खातो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो.

रंधा
लाकूड. ४ बाय १ इंच फळी रंधल्यावर साधारण ९५ बाय २२ मिमी उरते. ५ मिमी फट धरली की ९ फूट ९ इंचांत ३० ओळी. कापीव मापाने १० घनफूट, १० टक्के घट धरून ११. तिसऱ्याच्या दराने ४१,८००. कोटेशनमध्ये घनफूट कापीव मापाचा की रंधलेल्याचा, हे विचाराच.

बचत इथे होऊ शकते. सागवानाचा भाव लांबीवर चढतो. १२ फुटी सलग फळीचा हट्ट सोडा. ५ फूट ४ इंच आणि ६ फूट ८ इंच असे तुकडे घ्या. हे दोन्ही १६ इंचांच्या पटीत असल्याने सांधा जॉइस्टवरच येतो. एका ओळीत आधी छोटा, पुढच्या ओळीत आधी मोठा. दोन्ही सांध्यांच्या जागी जॉइस्ट दुहेरी हवा, कारण २५ मिमीत दोन फळ्यांची टोकं धड बसत नाहीत. वर धरलेला जादा पाइप त्यासाठीच.

स्क्रू स्टेनलेस ३०४ चे, सेल्फ-ड्रिलिंग, ७०० नग (६६० लागतात). साधे लोखंडी घेतले तर सागाच्या रसाशी मिळून पहिल्याच पावसात काळे ओघळ उतरतात, पुसले जात नाहीत. लाकडाला आधी भोक पाडूनच स्क्रू मारा, टोकं फाटत नाहीत.

फट ऋतू बघून ठेवा. मे महिन्यात लाकूड कडक सुकलेलं असतं, तेव्हा ६ मिमी. ओलसर हवेत बसवणार असाल तर ३-४ पुरे.

पॉलिशचा आग्रह धरणारे भेटतील. उन्हात मेलामाइन, पीयूचा पापुद्रा उचलतो आणि खरवडण्याची मजुरी वेगळी. तेलच द्या, चारी बाजूंनी, फळ्या बसवण्याआधी. एका हाताला सुमारे ३ लिटर. नुसतं कच्चं जवसाचं तेल मात्र नको, पावसाळ्यात त्यावर बुरशी काळी होते. बुरशीनाशक घातलेलं डेकिंग ऑइल घ्या. दरवर्षी दिवाळीनंतर वरून एक हात, हा खर्चही बजेटात मांडा.

अंगण_बेसा
फार उपयोगी माहिती. मग डब्ल्यूपीसी पूर्ण बाद का? आणि उधईचं काय?

रंधा
बाद नाही. उधई लागत नाही आणि तेलपाणी नको, हे खरे फायदे आहेत. पण पोकळ फळी आपल्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, १६ इंचांच्या गाळ्यात लवते. भरीव घ्या आणि जॉइस्ट १२ इंचांवर आणा, म्हणजे लोखंड वाढतं. शिवाय ती उन्हाने लांबीत वाढते : १० फुटी फळी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ६ ते ८ मिमी. टोकाला तेवढी फट हवी. गडद रंग घेतला तर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही.

मुरूमापर्यंत
उधई : फळ्या बसण्याआधी डेकखालच्या जमिनीवर औषध मारून घ्या. क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रव औषध) असेल तर १ लिटरला १९ लिटर पाणी. चौरस मीटरला ५ लिटर द्रावण धरा, तुमच्या जागेला ५५ लिटर, म्हणजे औषध पावणेतीन-तीन लिटर. हातमोजे, मास्क घालूनच, आणि विहीर किंवा बोअरजवळ मारू नका. वरून ३ इंच मुरूम, मग गिट्टी.

कूलर : त्याचं ओसंडणारं पाणी डेकखाली जाता कामा नये. सगळी माती कोरडी आणि एकच कोपरा महिनोन्महिने ओला राहिला तर तो कोपरा फुगतो. पाइप लावून पाणी चेंबरमध्ये सोडा. चेंबरवरच्या फळ्या वेगळ्या चौकटीवर बसवा, उचलता येतील अशा.

हिरवी नेट टाकणार असाल, आणि नागपुरात टाकावीच लागते, तर तिच्या खांबांच्या प्लेटा आत्ताच काँक्रीटमध्ये धरा. नंतर डेक फोडून खांब उभे करणं दुप्पट महाग. पक्कं छत मनात असेल तर मागचं मार्जिन किती सोडायचं ते आधी आर्किटेक्टकडून तपासून घ्या.

वजनकाटा
तिसऱ्या कोटेशनची फोड अशी होते : लोखंड ३१,२०० आणि लाकूड ४१,८००, म्हणजे ७३,०००. १,४४,००० मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असेल तर कर साधारण २२,००० होतो. उरतात ४९,०००. त्यात खणकाम, काँक्रीट, स्क्रू, तेल, उधईचं औषध, सुतार, वाहतूक. हे पटण्यासारखं आहे, फक्त प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा. जीएसटी वरून लागणार असेल तर मात्र आकडा १,७०,००० च्या घरात जातो.

सव्वा लाखात बसवायचं असेल तर पाया आणि पाइपची जाडी जशीच्या तशी ठेवून डेक ९ बाय ९ फूट ९ इंच करा. फळ्या पाव भाग कमी, जॉइस्टही कमी. आणि दुसऱ्याला हेच मोजमाप द्या, तो १,१४,००० वर टिकतो का ते बघा.