गळकं छप्पर: कौल, पत्रा, धाबं (अनुभव धागा)

आपल्याकडे खानदेशात आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मिरग (मृग नक्षत्र), एवढाच काय तो घराचं छप्पर बघायला वेळ. रोहिणी लागली की गवंडी आणि वेल्डर दोघंही फोन उचलत नाहीत. म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. कोणाचं घर किती गळलं हे नको, ते सगळ्यांचंच गळतं. काय माल लागतो, किती लागतो, काम कुठे बिघडतं आणि का, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. खाली पाणी टपकतं त्याच्या बरोबर वर भोक क्वचितच असतं. पाणी आत शिरलं की वाशावरून, अँगलवरून (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीवरून) घरंगळत जातं आणि जिथे अडथळा येतो तिथे पडतं. डागाच्या जागेपासून चढाच्या दिशेने शोधायचं. पाऊस नसताना दोन माणसं आणि बागेची नळी पुरते. एकाने घरात बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्याने वळचणीपासून सुरुवात करून एकेका ओळीवर दहा मिनिटं पाणी सोडत वर जायचं. थेट मोभाऱ्यावर, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कण्यावर, नळी धरली तर सगळीकडून पाणी येतं आणि काहीच कळत नाही. सापडलं की आतून खडूने खूण करा. वर चढेपर्यंत जागा विसरते.

नवापूर, कौलांचं काम

आमच्या पट्ट्यात पाऊस जास्त, त्यामुळे मंगलोरी कौल अजून टिकून आहे. शंभर चौरस फुटाला १५० कौलं धरा, वर १० फुटीसाठी. कौल घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत चीर आहे. शंका असेल तर एक कौल कोरडं तोलून रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी पुन्हा तोला. अडीच किलोच्या कौलाने अर्धा किलोहून जास्त पाणी प्यायलं असेल तर तो माल घेऊ नका.

एखादं फुटकं कौल बदलणं पाच मिनिटांचं काम. वरच्या ओळीची दोन कौलं मूठभर उचलून खाली लाकडाचा ठोकळा सारायचा, फुटकं कौल वर उचलून रिपेवरून (कौल अडकतं त्या आडव्या लाकडी पट्टीवरून) त्याचं नाक सोडवायचं, नवं त्याच वाटेने आत. पण नवं कौल शेजारच्या खाचेत बसलंच पाहिजे. जुन्या घरावर एका कारखान्याची कौलं आणि मध्ये दुसऱ्याची, असं झालं की खाचा जुळत नाहीत आणि नेमकं तिथेच गळतं. जुनी सारखी कौलं मागच्या पडवीवरून काढून पुढे लावा, नवी सगळी एकत्र पडवीवर घाला.

खरं दुखणं मात्र बहुतेक वेळा कौलात नसतं, रिपेत असतं. रीप वाकली की कौल मधे बसतं, नाक वर होतं आणि पाणी उलटं सांध्यात जातं. बाहेरून सगळी कौलं धडधाकट दिसतात, म्हणून माणूस तीन वर्षं सिमेंट थापत राहतो. रिपांचं अंतर टेपने ठरवू नका, आणलेल्या मालातली दोन कौलं एकमेकांत बसवून तेच माप घ्या. उतार तीन फुटांना दीड फुटाच्या खाली असेल तर वाऱ्याचं पाणी आत येणारच, त्यावर औषध नाही.

मोभाऱ्याच्या कौलांना नुसतं सिमेंट-वाळू भरू नका. ते उन्हात तडकतं आणि कौलाचा काठही सोबत तोडतं. एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू. आधी कौलं भिजवून घ्यायची, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी ओढून घेतात आणि मसाला भुसा होतो.

शिरपूर, फॅब्रिकेशन

पत्र्याचं सांगतो. पत्रा गळत नाही, स्क्रू गळतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्यावर हात ठेववत नाही. पहाटे आणि दुपारी त्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात दहा फुटी पत्रा जवळपास दीड मिलिमीटर लांबतो. रोज लांबणार, रोज आखडणार. मग भोक लंबुळकं होतं, रबरी वायसर कडक होऊन त्याला चिरा जातात. स्क्रू आवळून भागत नाही. उलट जास्त आवळला की वायसर चेपून बाहेर येतं आणि पत्र्याला खळगा पडतो, त्या खळग्यात पाणी साचतं. वायसर बशीच्या काठाइतकंच किंचित बाहेर दिसावं, तिथे थांबायचं.

भोक मोठं झालं असेल तर साडेपाच मिलिमीटरचा स्क्रू काढून ६.३ चा घाला, नव्या वायसरसकट. स्क्रू किंवा जे-हुक (अँगलला अडकणारा वाकडा बोल्ट) नेहमी पत्र्याच्या नळीच्या, म्हणजे नागमोडी घडीच्या, उंचवट्यावर, खोलगट भागात कधीच नाही. वळचणीच्या आणि मोभाऱ्याच्या अँगलवर प्रत्येक उंचवट्याला, मधल्या अँगलवर एक सोडून एक. मेच्या वादळात पत्रे उडतात ते कडेपासून उचलले जातात, म्हणून कडेला कंजुषी नको.

सांध्याला पत्र्यावर पत्रा बाजूने दीड ते दोन नळ्या चढवा, खालीवर किमान सहा इंच, उतार कमी असेल तर आठ. पत्रे टाकताना पूर्वेकडून सुरुवात करून पश्चिमेकडे जायचं. आपला पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. असं टाकलं की सांध्याचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही.

बारीक भोकाला तारेच्या ब्रशने गंज काढा, प्रायमर लावा, वर ब्युटाइलची चिकटपट्टी, भोकाच्या चारही बाजूंना चार इंच. हे सगळं पत्रा पूर्ण कोरडा असताना. डांबर लावू नका, आपल्या उन्हात ते वितळून नळीतून वाहतं. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, ते जस्ताचा थर खातं. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा. आणि पत्र्यावर दगड, टायर, वाळूच्या गोण्या ठेवायची खोड सोडा. ठेवलेला दगड दोन वर्षांनी उचलून बघा, खाली दगडाच्याच आकाराचा तांबूस गोल असतो, नखाने दाबला तर आत जातो.

चोपडा

शिरपूरकर दादा, आमच्या गोठ्याच्या पत्र्याला एकही भोक नाही, तरी श्रावणात पहाटे सगळीकडून टपकतं. हे काय?

शिरपूर, फॅब्रिकेशन

ताई, तो पत्र्याचा घाम आहे. गुरांच्या श्वासाची, मुताची वाफ गार पत्र्याला लागून पाणी होते. एकाच जागी नाही, सबंध पत्र्याखाली थेंब दिसतात, ही त्याची ओळख. मोभाऱ्याखाली समोरासमोर हवेला वाट ठेवा. वरून काहीही लावू नका, पैसे जातील.

पारोळा, धाब्याची घरं

सगळे पत्र्याचंच लिहितात, म्हणून धाब्याबद्दल, म्हणजे लाकडी कड्यांवरच्या मातीच्या सपाट छपराबद्दल. अहिराणीत ‘धाबं गयस’ (धाबं गळतंय) म्हटलं की पुढचा माणूस लगेच म्हणतो, खारी टाका. खारी म्हणजे ती खारट पांढुरकी माती. तिच्यातल्या क्षारांमुळे ती भिजली की कण फुटून बारीक होतात आणि छिद्रं बुजवतात. पहिल्या पावसात ती स्वतःच वर साय धरते. काळी माती चुकूनही टाकू नका. भिजली की फुगते आणि उघडीप पडली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

चूक कुठे होते, तर दरवर्षी जुनी न खरवडता नवी टाकतात. शंभर चौरस फुटांवर एक इंच माती म्हणजे साधारण साडेतीनशे किलो, भिजल्यावर आणखी जास्त. दहा वर्षांत कड्या वाकतात, मधे खळगा होतो, पाणी तिथेच साचतं, मग माणूस त्या खळग्यात अजून माती भरतो! आधी वरचा सैल थर खरवडून काढा, गवत मुळासकट उपटा, उंदरांची बिळं कोरून ओल्या मातीने ठोकून भरा. मग दीड-दोन इंच खारी, पन्हळीकडे दहा फुटांना दोन-तीन इंच उतार. हलकं पाणी शिंपून चोपणीने ठोका. पन्हळीचं तोंड धाब्यापेक्षा अर्धा इंच खालीच हवं.

भर पावसात गळायला लागलं तर ओला चिखल लावू नका, कोरडी खारी त्या जागी पसरून पायाने दाबा. त्यासाठी दोन गोण्या कोरड्या जागी ठेवलेल्या असाव्यात. हल्ली मधे प्लास्टिक अंथरतात. चालतं, पण ते मातीच्या दोन थरांमध्ये असावं आणि कडा भिंतीवर सहा इंच वर घ्याव्यात. थेट लाकडावर अंथरलं तर खालची ओल कोंडते आणि कड्या कुजतात.

धुळे

शेतातल्या नव्या बंगल्यांवर उतरत्या स्लॅबला डांबरी शिंगल (कौलांसारखे ओळीने खिळलेले डांबरी पट्टे, खाली सुट्या पाकळ्या असलेले) दिसायला लागलेत, त्यांचं थोडं. एखादं फाटलं तर सकाळी गारव्यात काम करा, दुपारी ते मऊ होऊन हातात फाटतं. वरच्या ओळीच्या पाकळ्या चपट्या पट्टीने हळूच सोडवा, फाटलेल्या शिंगलचे खिळे काढा. त्यातून वरच्या ओळीचेही खिळे गेलेले असतात, तेही काढावे लागतात. हे न कळल्यामुळे लोक ओढून चांगली शिंगलं फाडतात. नवं आत सारा, चार खिळे, प्रत्येक पाकळीखाली रुपयाएवढा डांबरी मसाला आणि वर दाब. खिळा पाकळीने झाकला गेला पाहिजे. उघडा राहिलेला खिळा म्हणजे पुढच्या वर्षीची गळती.

भुसावळ, वायरमन

वर चढण्याआधी मेन स्विच बंद करा. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासून तिचं आवरण गेलेलं असतं आणि मेन स्विच बंद केला तरी ती वायर चालूच राहते. म्हणून शिडी लावण्याआधी पत्र्याला टेस्टर लावा. दिवा लागला तर हात न लावता लाइनमनला बोलवा. शिडीही लोखंडी नको.

सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर थेट पाय देऊ नका, दोन अँगलवर टेकेल अशी फळी टाका. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. तो कापू, घासू नका, कोरडा ब्रशही मारू नका. फुटला असेल तर पाणी मारून ओलाच उतरवा आणि तुकडे प्लास्टिकमध्ये बांधा.

नवापूर, कौलांचं काम

पारोळ्याच्या नानांना एक विचारायचं होतं. श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाला भिंती रंगवायच्या असतात, पण धाब्याखालची भिंत श्रावणात ओलीच असते. तुमच्याकडे काय करतात?

पारोळा, धाब्याची घरं

वरचा दीड फूट सोडून देतात दादा. तिथे नुसता चुना, दोन हात. ऑइलपेंट लावला तर आतली ओल फोड आणते आणि पोपडे देवीच्या पाटावर पडतात.