समलैंगिकतेबाबत आधी काय बदलते: कायदा की समाजाचे मत?

जिज्ञासा

समलैंगिक संबंधांविषयीचे कायदे कसे बदलत गेले, याविषयी वाचन करताना एक प्रश्न सतत पडतो आहे. समाजाचे मत आधी बदलते आणि कायदा त्यामागून येतो, की कायदा बदलल्यामुळे लोकांची दृष्टी हळूहळू निवळते? इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ साली, पुरुषांमधील शरीरसंबंधांसाठी देहदंडाची तरतूद झाली आणि ती शिक्षा अखेर १८६१ मध्ये संपली. फ्रान्सने मात्र १७९१ च्या दंडसंहितेतून हा गुन्हाच वगळला. त्या काळातले फ्रेंच लोक इंग्रजांपेक्षा इतके उदार होते, असे मानायला मन धजत नाही. मग हा फरक कशामुळे पडला असावा?

शर्वरी

आपली शंका रास्त आहे. फ्रान्समधला तो बदल समलैंगिक व्यक्तींविषयीच्या आपुलकीतून आलेला नव्हता. पाप आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, धर्माने निषिद्ध मानलेल्या कृत्याला राज्याने शिक्षा करण्याचे कारण नाही, या भूमिकेतून ईशनिंदा आणि जादूटोणा यांच्याबरोबरच हाही गुन्हा गळाला. पोलिसांची पाळत आणि लोकांचा तिरस्कार त्यानंतरही चालूच राहिला.

याच्या उलट घडले ते ब्रिटिश वसाहतींमध्ये. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ इथल्या लोकांना विचारून आले नव्हते, आणि त्याच साच्यातली कलमे पुढे इतर अनेक वसाहतींत गेली. आज त्यांपैकी काही देशांत हाच परका कायदा 'आमची परंपरा' म्हणून जपला जातो, हे पाहून मला फार वाईट वाटते. दीडशे वर्षे कायदा एखाद्या माणसाला गुन्हेगार म्हणत राहिला, तर त्याच्या शेजाऱ्यालाही ते खरे वाटू लागते.

मुक्तचिंतक

या चर्चेत वैद्यकशास्त्राचा विचार झाल्याशिवाय चित्र पूर्ण होणार नाही, कारण पाप आणि गुन्हा यांच्या जोडीला 'आजार' हा तिसरा शिक्का एकोणिसाव्या शतकात बसला. हा शिक्का मारणाऱ्यांपैकी काहींचा हेतू चांगला होता. आजारी माणसाला तुरुंगात टाकू नये, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु त्या दयेतूनच 'उपचार' जन्माला आले. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना १९५२ मध्ये दोषी ठरवल्यावर तुरुंगवास टाळण्यासाठी संप्रेरकांची औषधे घेणे स्वीकारावे लागले, आणि १९५४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. समलिंगी आणि भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांचे निकाल त्यांनी नावे झाकून तज्ज्ञांपुढे ठेवले, तेव्हा कोणता निकाल कोणत्या गटातला, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. तोपर्यंतचे बहुतेक निष्कर्ष रुग्णालयांत किंवा तुरुंगांत भेटलेल्या माणसांवरून काढलेले होते, ही त्यातली मूळ खोट होती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. त्यानंतर न्यायालयांपुढे 'हे अनैसर्गिक आहे' हा युक्तिवाद टिकवणे फार कठीण झाले.

हेमांगी

वरील प्रतिसाद वाचून बदल एकाच दिशेने होतो असा समज होऊ नये, म्हणून लिहिते. १८९७ मध्ये मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी जर्मनीत पुरुषांमधील समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम १७५ विरुद्ध संघटित चळवळ उभी केली आणि १९२० च्या दशकातील बर्लिनमध्ये समलैंगिकांची नियतकालिके उघडपणे निघत होती. १९३५ मध्ये नाझी राजवटीने तेच कलम अधिक कठोर केले आणि हजारो पुरुषांना गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत डांबले. त्याहून विषण्ण करणारी गोष्ट अशी की युद्धानंतर पश्चिम जर्मनीने हे कठोर कलम १९६९ पर्यंत जसेच्या तसे ठेवले आणि त्याखाली सुमारे ५०,००० जणांना शिक्षा झाल्या. त्या शिक्षा रद्दबातल ठरायला २०१७ साल उजाडले. रशियात १९९३ मध्ये हा गुन्हा रद्द झाला, पण २०१३ पासून तिथे पुन्हा निर्बंध वाढत गेले. युगांडाने तर २०२३ मध्ये काही प्रकारांसाठी मृत्युदंडाची तरतूद केली.

शर्वरी

हेमांगीताईंचा मुद्दा मान्य आहे. मूळ प्रश्नाकडे वळायचे तर आयर्लंडचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथे १९८८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यामुळे सरकारला १९९३ मध्ये कायदा बदलावा लागला, म्हणजे सुरुवात लोकमताने झाली नाही. त्याच देशाने २०१५ मध्ये सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला ६२ टक्के मतांनी मान्यता दिली. मधल्या बावीस वर्षांत कायद्याने कोणाचे मत थेट बदलले असे मी म्हणणार नाही. पण अटकेची भीती गेल्यामुळे मुले-मुली आईवडिलांशी आणि मित्रांशी खरे बोलू लागली, आणि ज्याच्याविषयी आकस होता तो 'कोणीतरी' आपल्याच घरातला आहे हे अनेकांच्या लक्षात आले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल २०१३ मध्ये उलटला गेला होता, हे लक्षात घेता हा प्रवास सरळ नव्हता. २०२३ मध्ये विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे आयुष्यभर एकत्र राहिलेल्या जोडप्यांना वारसाहक्कासारख्या बाबतीत विवाहित जोडप्यांना मिळणारे संरक्षण आजही नाही.

जिज्ञासा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न मांडते: इंग्लंडच्या ज्या कायद्यांचा इथे उल्लेख झाला, त्यांत स्त्रियांमधील संबंधांचा विचारच नव्हता. त्या अनुल्लेखाने स्त्रिया सुरक्षित राहिल्या, असे मला वाटत नाही. त्यांना शिक्षा देण्याचे काम न्यायालयाऐवजी घराने केले, बळजबरीच्या लग्नातून आणि बंद दारांआडून. मग कायदा बदलल्याने त्यांच्या स्थितीत कितपत फरक पडला, याविषयी कोणी सविस्तर लिहू शकेल का?