मदत हवी आहे: पाम बीचच्या घरातून हलवलेल्या संगणकांची नोंद
जेफ्री एपस्टीन (अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप झालेला अमेरिकी धनाढ्य) प्रकरणावर मराठीत टिपण लिहीत असून, ऑक्टोबर २००५ मध्ये पाम बीच (फ्लोरिडा) पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली तेव्हा संगणक आधीच हलवलेले होते, या एकाच मुद्द्यावर मी अडले आहे. पोलिसांचा तपास अहवाल, २००७ चा एपस्टीन व केंद्रीय सरकारी वकिलांमधला खटला न चालवण्याचा करार आणि जुलै २०२४ मध्ये खुली झालेली २००६ च्या ग्रँड ज्युरीची (आरोप ठेवायचे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची) कागदपत्रे वाचली. अमेरिकी न्याय विभागाच्या नोव्हेंबर २०२० च्या चौकशी अहवालाचा मात्र केवळ सारांश पाहिला आहे. वृत्तपत्रांची कात्रणे नकोत (ती ढिगाने आहेत), पीडितांची नावे तर मुळीच नकोत, आणि दस्तऐवज विनाशुल्क पाहता यावा. करारानंतर त्या संगणकांचा सरकारी वकिलांनी चालवलेला पाठपुरावा कसा थांबला, हे नेमके कोणत्या मूळ दस्तऐवजात, कोणत्या भागात नोंदले आहे?