महासाथीतील एक पाळी : डॉक्टरांचे अनुभव

पुण्यात ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोविड रुग्ण आढळले, तेव्हापासून २०२१ च्या उन्हाळ्यातील दुसरी लाट ओसरेपर्यंत ज्यांनी वॉर्डात, अतिदक्षता विभागात किंवा पाड्यांवर काम केले, त्या डॉक्टरांनी येथे आपला अनुभव लिहावा, ही विनंती. रुग्णसंख्या, मृत्युसंख्या आणि खाटांची संख्या नोंदलेली आहेच. परंतु नातेवाइकांना प्रवेश नसलेल्या वॉर्डात डॉक्टरला उपचारांखेरीज आणखी काय काय करावे लागले, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही. मी अनेक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले आणि वाईट बातमी कशी सांगावी, हे आम्ही विद्यार्थ्यांना जवळजवळ शिकवलेच नाही, याची मला खंत आहे. संपूर्ण हकिगत लिहिण्यापेक्षा विसरता न आलेली एखादी पाळी लिहावी. रुग्णांची व रुग्णालयांची नावे कृपया देऊ नयेत.

तत्कालीन निवासी डॉक्टर, मेडिसिन विभाग, मुंबई

मे २०२० मध्ये मी दुसऱ्या वर्षाला होते. पीपीई किट चढवले की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. चष्म्यावर वाफ धरायची आणि सगळेच सारखे दिसत असल्यामुळे आम्ही छातीवर मार्करने नाव लिहीत असू. वॉर्डातला कागद बाहेर नेता येत नसे, म्हणून केसपेपरचे फोटो काढून पाठवायचे. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत वॉर्डाच्या एकाच मोबाइलवरून प्रत्येक रुग्णाच्या घरी फोन करायचा, हे काम माझ्याकडे होते.

एका काकांच्या घरून रोज काकू फोन घेत. सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) किती, ऑक्सिजन किती लिटर, हे त्या शांतपणे ऐकत आणि शेवटी एक निरोप देत: ‘त्यांना सांगा, घरच्या गॅस सिलिंडरचा नंबर लावला.’ दुसऱ्या दिवशी, ‘सांगा, शेजारच्यांनी भाजी आणून दिली.’ मी खाटेपाशी जाऊन ते सांगितले की काका मास्कच्या आतून मान हलवत. आधी मला हे निरोप वेळ घालवणारे वाटत. चार दिवसांनी माझ्या लक्षात आले की काका दुपारपासून या निरोपांची वाट पाहतात, आणि श्वास सुधारावा म्हणून पालथे झोपायला एरवी नकार देणारा हा माणूस निरोप ऐकल्यावर मुकाट्याने पालथा होतो. तेव्हापासून मी निरोप किटच्या बाहीवर मार्करने लिहून घेऊ लागले, म्हणजे शब्द बदलायला नको.

नवव्या दिवशी काकूंनी सांगितले, ‘दूधवाल्याचा हिशेब मिटवला, एकशे दहा रुपये परत आले.’ मी बाहीवर ‘दूध ११०’ असे लिहिले. त्याच वेळी दोन खाटा सोडून एका रुग्णाला श्वासनलिकेत नळी घालावी लागली, पाळी संपली, बदलीचा डॉक्टर आला आणि मी डॉफिंगच्या खोलीत किट उतरवून पिवळ्या पिशवीत टाकले. काका पहाटे चार वाजता गेले. सकाळी घरी फोन मी केला, कारण काकूंना माझा आवाज ओळखीचा होता. त्या म्हणाल्या, ‘थांबा, मुलाला उठवते.’ मुलगा फोनवर येईपर्यंत मी काही बोलले नाही. निरोप पोहोचला का, हे त्यांनी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. आज येथे पहिल्यांदा सांगत आहे.

भूलतज्ज्ञ, नाशिक

माझी आठवण ऑक्सिजनची आहे. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या लहान रुग्णालयात मी औषधांपेक्षा सिलिंडरचा हिशेब जास्त करीत होतो. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो, पण हाय फ्लोवर (नाकावाटे वेगाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) ६० लिटर लागणाऱ्याला दोन तासही पुरत नाही. त्यामुळे हाय फ्लोवर कोणाला ठेवायचे, हा प्रश्न वैद्यकीय राहत नाही आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे मला प्रत्येक वेळी वाटे. सॅच्युरेशन ९८ असलेल्या रुग्णाचा प्रवाह कमी करून ते ९२ ते ९४ वर ठेवणे शास्त्राला धरूनच होते. तरीही नॉब फिरवताना रुग्ण माझ्या हाताकडे पाहत असे आणि मला त्याच्याकडे पाहवत नसे.

२१ एप्रिलला शहरातील एका रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावले. त्या रात्री आमच्याकडील प्रत्येक रुग्णाच्या घरून फोन आला आणि प्रत्येकाने एकच विचारले: ‘आपल्याकडे आहे ना, डॉक्टर?’ आमचा टेम्पो त्या वेळी भरणा केंद्राबाहेर रांगेत उभा होता. मी ‘आहे’ असे सांगत राहिलो. टेम्पो पहाटे आला, म्हणून ते खोटे ठरले नाही, एवढेच. विशाखापट्टणमहून टँकर घेऊन निघालेली रेल्वे २४ तारखेला नाशिकला पोहोचल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या इनचार्ज सिस्टर खुर्चीत बसून रडल्या. त्याआधी पंधरा दिवसांत त्यांना बसलेले मी पाहिले नव्हते.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, नंदुरबार जिल्हा

आमच्याकडे ऑक्सिजनची स्थिती तुलनेने बरी होती, कारण स्वतः डॉक्टर असलेले तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी दुसऱ्या लाटेच्या आधीच जिल्ह्यात ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभारण्यास सुरुवात केली होती. आमची अडचण वेगळी होती. रुग्णवाहिकेत बसलेला माणूस परत येत नाही, असा पाड्यांवर समज झाला होता, आणि त्याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही, कारण लोकांनी उशिरा नेलेली माणसे खरोखरच परत आली नव्हती. आशाताईंनी ऑक्सिमीटर लावला की ८४, ८२ असे आकडे दिसत आणि घरचे दार लावून घेत. एका आजींच्या दारात मी तासभर बसलो. शेवटी बरी होऊन आलेली शेजारच्या पाड्यावरची एक बाई आशाताईंनी बोलावून आणली. ती पावरी बोलीत काय बोलली ते मला पूर्ण कळले नाही, पण आजी उठून तिच्याबरोबर गाडीत बसल्या. त्यानंतर गाडी पाठवताना मी शक्य तेव्हा असे एखादे माणूस बरोबर देऊ लागलो.

कान-नाक-घसा तज्ज्ञ, नागपूर

माझ्याकडे रुग्ण आले ते कोविडमधून वाचल्यानंतर. मे-जून २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे, म्हणजे नाकातून डोळ्यापर्यंत पसरणाऱ्या ‘काळ्या बुरशी’चे, बहुतेक मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेले. ‘कोरोना बरा झाला ना, मग डोळा का काढायचा?’ या प्रश्नाचे उत्तर मी अनेकदा दिले. एकदाही ते मला पुरेसे वाटले नाही. त्याहून अधिक लिहिणे मला अजून जमत नाही.

अतिदक्षता तज्ज्ञ, पुणे

मुंबईच्या डॉक्टरांच्या बाहीवरील निरोपाबद्दल वाचून मला राहवले नाही. ३० जून २०२० रोजी संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला निघाल्या, त्या दिवशी आमच्याकडे बायपॅपवर (घट्ट मास्कवाटे श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर) एक वारकरी होते. त्यांच्या मुलाने विनंती केल्यावरून मी प्लास्टिकच्या पिशवीतला फोन त्यांच्या कानाशी धरला आणि पलीकडे घरातली सगळी माणसे हरिपाठ म्हणू लागली. मास्क घट्ट बांधलेला असल्यामुळे त्यांना ओठ हलवता येत नव्हते. त्यांनी खाटेच्या कठड्यावर बोटांनी ताल धरला. सिस्टर यंत्राचा अलार्म बंद करायला आल्या आणि तो बंद करून तिथेच उभ्या राहिल्या. हरिपाठ संपेपर्यंत माझा हात भरून आला होता, म्हणून मध्येच सिस्टरांनी फोन माझ्याकडून घेतला आणि दुसऱ्या बाजूने धरला.